परात की वाटी

परात घ्यायची की वाटी, हा प्रश्न मला आजवर शेकडो लोकांनी विचारलाय. मी प्रत्येकाला तेच सांगतो. बाबा रे, आधी जमीन बघ, मग काय शोधतोस ते ठरव, आणि मग कॉइलकडे बघ. लोक उलटं करतात. आधी सगळ्यात मोठं कॉइल विकत घेतात आणि मग दिवसभर माळावर गंजके पत्रे आणि नांगराचे फाळ उकरत बसतात. मोठं तेवढं चांगलं, ही आपल्या लोकांची अक्कल.

माझं नाव रेवणनाथ झारेकरी. सोनाराच्या दुकानापुढची धूळ गोळा करायची आणि धुऊन धुऊन तिच्यातलं कणभर सोनं काढायचं, हे आमच्या घराण्याचं काम. आजोबा नगरच्या सराफ बाजारात गटाराच्या कडेला बसून गाळ धुवायचे. मी जुनी नाणी शोधतो. सरकारी परवाना आहे, यंत्र स्वतःचं आहे आणि तोंड फटकळ आहे. हे शेवटचं आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात त्या तोंडाचा वाटा होता. त्याहून मोठा वाटा माझ्या शहाणपणाचा होता.

कॉइल म्हणजे डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला असते ती तांब्याच्या तारेची चकती. तारेतून वीज सोडली की जमिनीत चुंबकी क्षेत्र उतरतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात क्षणभर वीज फिरते, आणि तिची चाहूल परत चकतीला लागते. चकती मोठी असली तर क्षेत्र चार-चार फूट खोल जातं. पण मग एका वेळी एवढी माती तिच्या कवेत येते की खिळा, नाणं, कड्याचा तुकडा, सगळ्यांचा मिळून एकच आवाज ऐकू येतो. लहान चकती जेमतेम फूटभर उतरते, पण खिळ्याला चिकटून पडलेलं नाणंसुद्धा वेगळं दाखवते. पंधरा इंची चकतीला आम्ही धंद्यातले लोक परात म्हणतो आणि सहा इंचीला वाटी.

दहा वर्षांपूर्वी वाटीत एक नवी करामत आली. नाणं ओलसर मातीत पडलं की ते फार सावकाश विरघळायला लागतं. त्याचा अंश भोवतीच्या मातीत पसरतो आणि तिथं एक वलय तयार होतं. आपल्याला दिसला तर हिरवट डाग दिसतो, पण ते वलय दर वर्षी केसाएवढं वाढत असतं. नव्या वाटीत अतिशय बारीक तारांचे थर आहेत. ती त्या वलयाची जाडी मोजते, मातीतली ओल आणि खार हिशेबात धरते, आणि नाणं त्या जागी कोणत्या साली पडलं ते पडद्यावर दाखवते. चुकलीच तर दोन वर्षांनी, इकडे किंवा तिकडे. एक मात्र लक्षात ठेवायचं. वाटी नाण्याचं वय सांगत नाही, ते त्या जागी कधीपासून आहे एवढंच सांगते. नाणं उचलून, घासून दुसरीकडे ठेवलं की मोजणी पहिल्यापासून सुरू. हे मी स्वतः प्रशिक्षणात शिकवतो, फळ्यावर लिहून देतो. तरी वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही.

वाटी आली आणि काही लोकांची पळता भुई थोडी झाली. गावाजवळ कुठला प्रकल्प येणार म्हटलं की बाजारातून जुनी नाणी आणून टेकाडावर पुरायची आणि इथं प्राचीन नगर होतं म्हणून बोंब ठोकायची, असा प्रकार फार वाढला होता. दोन हजार सदतीस साली सरकारनं नवा कायदा केला. नाणी पुरणं हा गुन्हा आणि सापडलेली नाणी न कळवता ठेवणं किंवा हलवणं हाही गुन्हा. दोन्हीला तुरुंग, प्रकरण कितीही जुनं असलं तरी. शिवाय वाटीनं घेतलेलं प्रत्येक माप यंत्रातून थेट पुरातत्त्व खात्याकडे जाणार. एकदा गेलेलं माप कुणालाही पुसता येत नाही.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल. त्र्यंबक ढाकणे गुरुजी, गोदाकाठच्या कांदळगव्हाणचे. आयुष्यभर गावच्या शाळेत मास्तर होते. त्या गावाबाहेर पांढर आहे. पांढर म्हणजे जुन्या, मोडलेल्या वस्तीचं टेकाड. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहून, भिंती पडून, चुलींची राख मिसळून तिथली माती पांढुरकी झालेली असते. या टेकाडावर दोन हजार वर्षांपूर्वी मोठी बाजारपेठ होती, हे गुरुजींचं म्हणणं. चाळीस वर्षं ते पावसाळा संपला की पोरांना घेऊन टेकाडावर फिरायचे. एका बाजूला हत्ती असलेली शिशाची, तांब्याची नाणी त्यांना सापडायची. सापडलेलं प्रत्येक नाणं ते तहसिलात जमा करायचे आणि पावती फाइलला लावायचे. सगळे हसायचे, मीसुद्धा हसायचो. माझ्या लग्नात मला अंगठी मिळाली नाही, त्या पावत्यांची फाइल बघायला मिळाली.

दोन हजार त्रेचाळीस साली त्या टेकाडावर बॅटऱ्यांची गोदामं यायची ठरली. टेकाड सपाट होणार होतं. जागा जुनी ठरली तर गोदामं नदीपलीकडे सरकणार होती, नाहीतर दिवाळीनंतर पोकलेन लागणार होते. गुरुजी अर्ज करकरून थकले, तेव्हा कुठं खात्यानं एक तपासणी मंजूर केली. यंत्र कुणाच्याही हातात असलं तरी माप तेच येतं, म्हणून मी जावई असल्याला कुणाची हरकत नव्हती. तपासणी दोन प्रकारे करता येत होती. परात फिरवायची, खोलवर काही आहे असं दिसलं की अधिकाऱ्यांपुढं खड्डा घ्यायचा आणि काय निघतं ते बघायचं. याला चार-सहा महिने लागतात. किंवा वाटी फिरवायची आणि एका दिवसात निकाल. कोणती घ्यायची ते तपासणाऱ्यानं ठरवायचं आणि आधी सही करून द्यायचं.

मी पोचलो तेव्हा गुरुजी ओसरीवर वाट बघत बसले होते. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, पण दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. त्यांनी आधी चहा पाजला. मग म्हणाले, "रेवणराव, परात लावा."

मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले, वरची माती खरी नाही. गावानं पूर्वी टेकाडाची माती गाड्या भरभरून शेतात नेली. पांढरी माती खत म्हणून चांगली, पीक जोमानं येतं. पुरुषभर टेकाड तेव्हाच गेलं. जे काही शाबूत आहे ते खाली आहे.

साधं, सरळ कारण होतं ते. पण इतकी वर्षं पुरलेली नाणी पकडून पकडून माझी नजर मेली होती. मला वाटलं, वाटीला हा माणूस का भितो? जो वाटीला भितो त्यानं काहीतरी पुरलेलं असतं, हा माझा अनुभव. आणि खरं सांगतो, मनात असंही आलं की म्हाताऱ्यानं काही केलं नसेल तर वाटीनं एका दिवसात सगळ्यांची तोंडं बंद होतील आणि जावयाचं नाव होईल. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, ज्याचं काम त्याला करू द्या. आणि वाटीवर सही केली.

सकाळी आठला सुरुवात केली. गावातले पन्नासएक लोक जमले होते. बायका लांब, लिंबाखाली. पाचव्या मिनिटाला पहिला आवाज आला, स्वच्छ, गोल. दोन इंचांवर तांब्याचं नाणं, हत्तीचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर साल आलं १९९८.

मी जागा पुसून पुन्हा वाटी धरली. पुन्हा १९९८. दुसरं नाणं २००७, तिसरं १९८३, चौथं २०२२. टाळ्या थांबल्या. दुपारपर्यंत एक्केचाळीस नाणी निघाली. सगळी खरी, दोन हजार वर्षांची, आणि त्यांतलं एकही त्या जागी ऐंशी वर्षांपूर्वीचं नाही. वर सगळी कधीतरी घासलेली, दोन हजार वर्षांचा जुना थर कुठंच नाही. बाजारात विकायला ठेवलेली असतात तशी. शंकेला जागाच नव्हती.

गुरुजी प्रत्येक नाण्यापाशी वाकून बघत होते. त्यांना काही कळेना. मापात घोटाळा असेल, असं काहीतरी ते पुटपुटत होते. मला त्या पुटपुटण्याचा संताप आला. मी सगळ्या गावासमोर म्हणालो, "गुरुजी, पुरायचीच होती तर निदान घासायची तरी नव्हती."

गुरुजींनी चपला शोधल्या, त्या त्यांच्या पायातच होत्या, आणि ते घराकडे निघाले. मी यंत्र आवरलं आणि जेवायलाही न थांबता नगरला परतलो.

माझी बायको सारिका या तपासणीला आली नव्हती. मीच नेलं नव्हतं. कामाच्या जागी बायको नको, असा माझा नियम. धंद्यातलं मी तिला कधी काही सांगितलंही नाही. वाटी काय करते हे मी अर्ध्या महाराष्ट्राला समजावलं, पण स्वतःच्या घरात कधी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तिला सगळं सांगितलं, आणि तुझ्या बापानं माझं नाक कापलं असंही म्हणालो. मग तिनं यादी मागितली. यादीवर बोट फिरवत ती एका ओळीपाशी थांबली. २०११, टेकाडाची उगवतीची बाजू, मोठ्या दगडाखाली.

"हे मी ठेवलंय," ती म्हणाली. "आठ वर्षांची होते मी. आई बरोबर होती."

मग तिनं सगळं सांगितलं. टेकाडाची माती शेतात गेली, तेव्हा मातीबरोबर नाणीही शेतात गेली. शेतात खुरपायला बायका असतात. खुरप्याला नाणं लागलं की ते बाईच्या हाती येतं. ज्या साली माती नेली त्या साली गावात पटकी आली होती आणि घरटी एक माणूस गेला होता. तेव्हापासून गावातल्या बायकांनी ठरवलं की मेलेल्या माणसांचा पैसा घरात ठेवायचा नाही, विकायचा नाही, ज्यांचा त्यांना परत द्यायचा. सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी, पुरुष जेवायला बसले की बायका कावळ्याचा घास घेऊन टेकाडावर जायच्या. वर्षभरात सापडलेलं नाणं चिंच लावून घासायचं, स्वच्छ करायचं, कारण देवाला आणि पितरांना मळकं देत नाहीत, आणि अंगठ्यानं मातीत दाबून वर दहीभात ठेवायचा. पुरुषांना सांगायचं नाही, ते विकून खातात. गुरुजींना तर मुळीच सांगायचं नाही, ते तहसिलात नेऊन देतात.

मी म्हणालो, मग आधी का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?" आणि कप उचलून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज मला इकडे ऐकू येत होता, पण उठून आत जायची माझी हिंमत झाली नाही.

यंत्र चुकलं नव्हतं. प्रत्येक साल बरोबर होतं. नाणी त्याच टेकाडाची, तिथूनच निघालेली आणि तिथंच परत आलेली. मी मात्र एका भल्या माणसाला गावादेखत चोर ठरवून आलो होतो.

लगेच आम्ही दोघं खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या अधिकारी पाटोळे मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कायदा पुढं ठेवला. मापं गेली, ती बदलत नाहीत. नाणी अलीकडे पुरलेली आहेत हे सिद्ध झालंय, तेव्हा कुणीतरी पुरली हेही सिद्ध झालंय. ज्या बायकांनी ठेवली त्यांनी एकेकीनं येऊन जबाब दिला, तर परात लावून दुसरी तपासणी करता येईल, टेकाड वाचेलही. पण सापडलेलं नाणं कळवलं नाही, परस्पर हलवलं, म्हणजे प्रत्येकीवर गुन्हा दाखल होईल. आणि जबाब आला नाही तर संशय अर्जदारावर, म्हणजे गुरुजींवर. मी म्हटलं, माझी चूक आहे, मी पहिल्यांदा परातच लावायला हवी होती. त्यांनी माझा सहीचा कागद काढून दाखवला. म्हणाल्या, "निवड तुमची होती, झारेकरी."

आम्ही कांदळगव्हाणला गेलो. सारिकानं बापाला सगळं सांगितलं. गुरुजी ऐकत ऐकत खाली बसले. त्यांची बायको, म्हणजे माझी सासू, जाऊन चौदा वर्षं झाली होती. मग ते म्हणाले, म्हणजे मला टेकाडावर सापडायची त्यातली निम्मी तिनंच ठेवलेली असणार. दर सर्वपित्रीला ती ठेवायची आणि दिवाळीच्या सुट्टीत मी उचलून तहसिलात द्यायचो. बिचारी एक शब्द बोलली नाही. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

संध्याकाळपर्यंत बातमी घरोघर गेली आणि बायका ओसरीवर आल्या. अडतीस जणी. चार-पाच तर ऐंशीच्या पुढच्या. गुरुजींचं नाव जाऊ देणार नाही, आम्ही कचेरीत येतो, असं त्यांचं म्हणणं. सारिका त्यांच्यात पुढं होती. ती बापाला म्हणाली, "अण्णा, आम्ही येतो. मीही येते."

गुरुजींनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ नाही म्हणाले. अडतीस घरांत पोलीस शिरतील, डबे, पेट्या उपसतील, म्हाताऱ्या बायांना गाडीत घालून नेतील, ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्यायचं नाही. टेकाडाचं मला फार वाईट वाटतंय, चाळीस वर्षं मी त्याच्यावर जीव लावला. पण टेकाडाचं टेकाडाला ज्यांनी परत दिलं त्यांनाच तुरुंगात घालून ते वाचवायचं, हे मला जमणार नाही. सारिका भांडली, पाया पडली. ते ऐकेनात. मास्तर माणूस, एकदा नाही म्हटलं की नाही.

सकाळी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. समोर कोरे कागद होते. हात थरथरतो म्हणून मी लिहायचं आणि ते सांगणार.

"यादी काढा," ते म्हणाले. "माझा जबाब यंत्राशी जुळला पाहिजे."

मी एकेक साल वाचत गेलो आणि ते मला सांगत गेले. २०२२, निवृत्तीच्या आधी, पेठेतून आणून पुरलं. २०११, मुलगी लहान असताना, मोठ्या दगडाखाली. १९९८, नोकरीला पाच-सात वर्षं झाली होती तेव्हा. १९८३, शाळकरी वयात, नावलौकिकाच्या मोहानं. प्रत्येक नाण्याला ते जागा, कारण, सगळं जोडत होते. मला लिहवत नव्हतं. दोनदा मी पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, गुरुजी, मला माफ करा. ते म्हणाले, तुम्ही तुमचं काम केलंत, पण जरा घाई केलीत. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक्केचाळीसाव्या ओळीवर मी अडकलो. त्या नाण्याचं साल १९६४ होतं. जबाबात वरच गुरुजींची जन्मतारीख लिहिली होती, मार्च १९६८. यंत्राची दोन वर्षांची चूक धरली तरी जमत नव्हतं. मी म्हटलं, हे कसं बसवायचं? एखाद्या बाईचं नाव घालू, मेलेली असेल तिचं.

गुरुजींनी त्या सालावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नाही. हेही मीच पुरलं असं लिहा."

मी म्हटलं, तुमच्या जन्माच्या आधी चार वर्षं?

"लिहा. तीस-पस्तीस वर्षं वह्या तपासल्या मी. लक्ष देऊन वाचणाऱ्याला चूक दिसतेच. दिसली की तो विचारेल, विचारलं की मग सगळं सांगता येईल. एकही बाई पुढं न आणता सांगता येईल, कारण जबाब खोटा आहे हे त्यांनीच शोधलेलं असेल."

तेव्हा मला कळलं की म्हाताऱ्यानं अजून आशा सोडलेली नाही. मी लिहिलं. क्रमांक एक्केचाळीस, सन १९६४, टेकाडाची मावळतीची बाजू, मी स्वतःच्या हातानं पुरलं. त्यांनी खाली सही केली, वाकडीतिकडी पण पूर्ण नावानिशी.

त्याच दुपारी आम्ही तिघं कचेरीत गेलो. पाटोळे मॅडम दौऱ्यावर होत्या, जबाब घ्यायला खिडकीवर एक तरुण बाई होती. तिनं आधी जन्मतारीख मशीनमध्ये भरली, मग एक्केचाळीस ओळी एकेक करून भरल्या. गुरुजी खिडकीच्या गजाला धरून उभे होते. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. चाळीसावी ओळ झाली, एक्केचाळीसावी आली. १९६४ तिनं टाइप केलं आणि ती थांबली. कागद तिनं उचलून डोळ्यांजवळ धरला. सारिकानं माझा हात घट्ट पकडला.

ती बाई वर बघून म्हणाली, "आजोबा, पत्त्यात पिनकोड राहिलाय."

गुरुजींनी पेन मागून घेतलं, पिनकोड लिहिला, आणि तिनं शिक्का मारेपर्यंत ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.